दुभाष्या

ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु.

हे तेलुगू आकडे आहेत. एक ते पाच. नगरला आम्ही राहायचो त्या गल्लीच्या तोंडाशी पद्मशाली बायका विड्या वळायच्या आणि कट्टे मोजताना हे आकडे तोंडातल्या तोंडात म्हणायच्या. आमच्या वस्तीतल्या दोन-चार बायाही त्यांच्यात बसायच्या. मी शाळेतून येताजाता ऐकायचो. अर्थ कळायच्या आधी आकडे पाठ झाले.

1979 च्या मे महिन्यात ह्याच आकड्यांनी मला पवित्र आत्म्याचं दान मिळालं.

दोस्तांनो, हसू नका. आधी ऐकून घ्या, मग हसा.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. ख्रिस्ती तरुणांचं शिबिर होतं. तिसऱ्या रात्री ‘आत्म्याचा बाप्तिस्मा’ नावाचा कार्यक्रम. ज्याला अन्य भाषा बोलता येते त्याला आत्मा मिळाला, ज्याला येत नाही तो अजून कोराच, असं आम्हाला तीन दिवस सांगितलेलं. कोऱ्या पोरांना पुढं काढलं. गुडघ्यावर बसवलं. डोक्यावर हात ठेवून उपदेशक जोरजोरात प्रार्थना करू लागले. एक पोरगा बरळायला लागला, मग दुसरा. माझ्या शेजारचा तर ओक्साबोक्शी रडत होता. मी उरलो. डोक्यावरचा हात जड होत चालला होता, गुडघे सोलवटले होते आणि मागं दोनशे माणसं माझ्यासाठी थांबलेली. मी तोंड उघडलं. ओकटि रेंडु मूडु. मग उलटं. मग भरभर, मधली अक्षरं गिळून. हात हलका झाला. ‘हालेलुया’ची आरोळी उठली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पुढं एक चष्मेवाले गृहस्थ डोळे मिटून उभे राहिले. त्यांना भाषांचा अर्थ सांगण्याचं दान होतं. त्यांनी माझ्या पाच आकड्यांचा अर्थ सांगितला. शेतं पिकली आहेत, कापणी जवळ आली आहे, ह्या जिल्ह्यातून कामकरी उठणार आहेत. चांगली चार-पाच वाक्यं. लोक रडले. माझ्या पोटात गार गोळा आला. माझं खोटं होतं हे मला ठाऊकच होतं, पण त्यांचंही खोटं आहे हे त्या मंडपात फक्त मलाच कळलं होतं.

शेजारी रडणाऱ्या पोराचं मात्र मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. त्याचा बाप रोज पिऊन आईला मारायचा. त्या रात्री त्याच्या तोंडून जे निघालं ते कुठल्या भाषेतलं होतं, कुणास ठाऊक. त्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या बैठकीत हा विषय निघाला की तुम्ही एका शब्दात निकाल लावता. बुवाबाजी. मीही पंधरा-वीस वर्षं तेच म्हटलं. जयभीम म्हणून उठायचं, चहा प्यायचा, विषय संपला. पण एक गोष्ट मला सलत राहिली. सगळंच खोटं असं म्हटलं की माझा गुन्हाही त्या सगळ्यात विरघळून जातो. मग मी नुसता एका खोट्या धंद्यातला हमाल ठरतो. तसं नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमचं घराणं महारांचं. अमेरिकन मराठी मिशननं नगरला 1831 साली ठाणं मांडलं. माझा पणजा 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडायला गेला आणि तिथंच त्यानं बाप्तिस्मा घेतला. पणजीचं वेगळं होतं. तिच्या अंगात लक्ष्मीआईचं वारं यायचं. आजी सांगायची, वारं आलं की गावचा पाटीलसुद्धा खाली बसून तिचं ऐकायचा, ती एकेरीवर यायची तरी हात जोडायचा. वारं उतरलं की तीच बाई पुन्हा गावकुसाबाहेर, हातात खापर, पाटलाच्या ओट्यापासून दहा हात लांब.

ही गोष्ट मी लहानपणी गंमत म्हणून ऐकली. पुढं कळलं की तिच्यात गंमत काही नाही. ज्या बाईचं तोंड जन्मभर बंद, तिला वर्षातून दोन घटका बोलायची मुभा आणि तीही ती स्वतः बोलत नाही, देवी बोलते, ह्या अटीवर. आपल्या बाया आरोग्यसभेत का घुमतात, का पडतात, हा प्रश्न विचारताना पणजीचा पाटील आठवावा. (बायबलच्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत आत्मा आणि वारा ह्यांना एकच शब्द आहे. हे मला कॉलेजात कळलं तेव्हा पणजीच आठवली.)

आता 1984.

मी बावीस वर्षांचा. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला. बेकार. नोव्हेंबरात तालुक्याच्या गावी पाच रात्रींची आरोग्यसभा लागली. मोठ्या शहरातून उपदेशक येणार होते, ते इंग्रजीत बोलणार, मराठीत सांगायला माणूस पाहिजे. रोजचे पन्नास रुपये आणि जेवण. मी गेलो. माझा विश्वास होता का? त्या वयात पन्नास रुपयांवर माझा पूर्ण विश्वास होता.

उपदेशक गावातल्या एका बंगल्यात उतरले. त्यांचं पाणी वेगळं, ताट वेगळं, ते आजारी पडू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी मांगवाड्यातून एक म्हातारा आला. त्याचा मुलगा कंबरेपासून लुळा, उचलून आणता येत नव्हता. तो म्हणाला, साहेबांनी येऊन हात ठेवावा. मांगवाडा बंगल्यापासून शंभर पावलांवर. साहेबांनी प्रार्थना केलेला एक रुमाल पाठवला. बायबलात आधार आहे, पौलाच्या अंगावरचे रुमाल रोग्यांकडं नेत असत. तो आधारही मीच त्या म्हाताऱ्याला मराठीत समजावून सांगितला. आमच्यातलंही सांगून टाकतो. ख्रिस्ती झालेले महार आणि ख्रिस्ती झालेले मांग देवळात एका बाकावर बसायचे, सोयरीक करायचे नाहीत. रुमाल पाठवला ह्यात आमच्यापैकी कुणालाच काही खटकलं नाही.

चौथ्या रात्री विषय होता औषध. व्यासपीठाजवळ एक पत्र्याचा डबा ठेवला होता. चष्मे, काठ्या, औषधं त्यात टाकायची. उपदेशक इंग्रजीत म्हणाले त्याचा मतलब असा की ज्याला देवानं बरं केलं त्यानं औषध घेत राहणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. मी ध्वनिक्षेपकातून म्हणालो, “रोज सकाळी तुम्ही जी गिळता ती औषधाची गोळी नाही, ती तुमच्या अविश्वासाची गोळी आहे!” त्यांच्या इंग्रजीपेक्षा माझं मराठी जोरकस झालं. टाळ्या पडल्या. टाळ्या माझ्या वाक्याला होत्या आणि मला ते कळलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

तिसऱ्या रांगेत अक्का बसली होती. माझी थोरली बहीण. मांडीवर चार वर्षांचं पोर. ऊसतोडीला जायची, तिथंच खोकला लागला, थुंकी तपासली, टी. बी. निघाला. सरकारी दवाखान्यातून सुया आणि गोळ्या चालू होत्या. सहा महिने झाले होते, वर्षभर तरी घ्यायच्या होत्या. ताप गेलेला, अंगावर मांस धरलेलं. अक्का उठली, चालत पुढं आली, कमरेच्या पिशवीतून गोळ्या काढल्या आणि डब्यात टाकल्या. पत्र्यावर गोळ्या पडल्याचा आवाज झाला. ती माझ्याकडं बघून हसली. भावानंच सांगितलं होतं ना.

मी ते वाक्य वेगळं सांगू शकत होतो. त्या मैदानात दीड-दोन हजार माणसं होती आणि इंग्रजी कळणारी पाचदहा, तीही पुढच्या खुर्च्यांवर. मी म्हणू शकत होतो, “प्रार्थना करा आणि डॉक्टर सांगेल तितके दिवस गोळ्या घ्या.” साहेबांना मराठी येत नव्हतं. फार तर पन्नास रुपये गेले असते. बोलणारा एक आणि सांगणारा दुसरा, तेव्हा लोकांपर्यंत पोचतो तो सांगणारा. ती सत्ता माझ्या हातात होती आणि मी ती टाळ्यांसाठी वापरली.

इथं एक वैद्यकीय गोष्ट सांगतो, ती प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत पाहिजे. टी. बी. च्या गोळ्या चालू केल्या की बरेचसे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. खोकला कमी, ताप बंद, भूक लागते. पण थोडे जंतू दडून बसतात आणि त्यांच्यासाठीच पुढचे महिने गोळ्या घ्यायच्या असतात. तेव्हा औषध वर्ष-दीड वर्ष चालायचं, आता साध्या टी. बी. ला सहा महिने. मध्येच सोडलं तर दडलेले उठतात आणि अर्धवट औषध खाऊन माजलेले असले तर पुढं तेच औषध त्यांना लागू पडत नाही. म्हणजे टी. बी. चा रोगी आरोग्यसभेत बरा झालेला दिसणारच, कारण सरकारी गोळ्यांनी तो आधीच बरा दिसायला लागलेला असतो. साक्ष द्यायला तो व्यासपीठावर चढतो, टाळ्या पडतात, साहेब दुसऱ्या गावाला जातात. जंतू त्या गावातच राहतात.

होळीपर्यंत अक्काला पुन्हा खोकला लागला. आखाडात रक्त पडलं.

आमच्या वस्तीत एक म्हातारी होती. सगळे तिला बाई म्हणायचे. मिशनच्या जुन्या पद्धतीतली बायबल-बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायांना शास्त्र सांगणारी. स्वतः अडखळत वाचायची, शास्त्र बरंचसं पाठ होतं. पगार कधीच बंद झाला होता. बाईनं अक्काला हाताला धरून पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरडले ते तिनं ऐकून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाई रोज सकाळी यायची, अक्काची थुंकीची वाटी राखेनं घासायची, गोळी तिच्या हातावर ठेवायची, गिळेपर्यंत समोर उभी राहायची आणि भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. हळू आवाजात, साध्या मराठीत. मांगवाड्यातल्या त्या लुळ्या पोराला अंघोळ घालायलाही ती आठवड्यातून दोनदा जात होती, हे मला तेव्हा कळलं. रुमालाच्या आधीपासून जात होती.

मी एकदा चिडून म्हणालो, “बाई, आता कशाला प्रार्थना? प्रार्थनेनंच तर तिला मारलं.”

बाई म्हणाली, “गोळी पोटात जाती लेकरा. पन ती रातीला एकलीच जागी असती, तवा काय गिळंल ती?”

अक्काचा जीव दुसऱ्याच गोष्टीनं पोखरला होता. ती म्हणायची, “बाबू, माझाच इस्वास कमी पडला असंल रं.” खोट्या दानाचं हे सगळ्यात वाईट टोक. बरं झालं तर श्रेय साहेबाचं. नाही झालं तर दोष रोग्याचा. मेलेल्या माणसालाच गुन्हेगार करून टाकायचं. आणि हा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का? मागल्या जन्मीचं पाप म्हणून ह्या जन्मी महार, हे ज्यांनी आपल्या बापजाद्यांना सांगितलं त्यांचा आणि ह्यांचा हिशोब एकच.

ऑगस्ट 1985 मध्ये अक्का गेली. एकोणतीस वर्षांची. भिंतीवर रेघा एकशे बारा.

माती देऊन आलो त्या रात्री बाई ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “ओकटि, रेंडु, मूडु.”

मी नुसता बघत राहिलो.

“नऊ वर्सं इड्या वळल्या म्या त्या पद्मसाळणींत. शिबिराला सैपाकाला म्याच व्हते. कनातीमागं भाकरी थापत व्हते. तू आकडे मोजाया लागला आन म्या वळखलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तवा बोलले असते तर तू देवळात पुना पाय ठिवला नसता. पोराला किती लाजवायचं, म्हनून गप बसले. ते माझं चुकलं. तवा तुझ्या कानाखाली वढली असती तर तू त्या मानसाशेजारी हुबा राहिला नसता.”

शास्त्रात कृपादानांची यादी आहे. रोग बरे करणं, भविष्य सांगणं, भाषा बोलणं, भाषांचा अर्थ सांगणं. तिच्यातच एक दान आहे आत्म्यांची पारख करण्याचं. ते दान कनातीमागं भाकरी थापत होतं.

त्यानंतर मी देऊळ सोडलं. चळवळीत आलो ते तुम्हाला माहीत आहे. 1989 साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड निघाला. त्यात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या अवस्थेवर त्यांचे दोन लेख आहेत. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखान्यांचं काम केलं हे ते मान्य करतात, पण देवळात जात तशीच राहिली आणि धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध उठला नाही, हा त्यांचा ठपका. वाचताना मला वाटलं, हे आमच्याच बाकांवर बसून लिहिलंय. आणि गंमत अशी की तो खंड मिटल्यावर मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा बायबल उघडलं.

कृपादानांबद्दल सगळे उपदेशक करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय वाचतात. मी अकरावा वाचला. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला खातेपिते लोक आधी येऊन जेवून घेत, काही तर पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडं काही नाही ते उपाशी राहत. पौल त्यांना झाडतो की तुम्ही गरिबांना लाजवता. ही पंगत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि ह्याच मंडळीत भाषा बोलणारे, भविष्य सांगणारे उदंड. म्हणजे दानांचा सुकाळ आणि पंगतीचा भेद एकाच घरात नांदत होता. म्हणून बारा आणि चौदा ह्या दोन अध्यायांच्या मध्ये त्यानं प्रीतीचा अध्याय घातलाय. आमच्याकडं तो लग्नात वाचतात. तो लग्नासाठी लिहिलेला नाही, ह्या भांडणासाठी लिहिलाय. चौदाव्यात तर तो साफ म्हणतो की समजणारे पाच शब्द न समजणाऱ्या दहा हजारांपेक्षा बरे. माझेही पाचच शब्द होते. असो.

आणखी एक जुनी पोथी आहे, बारा प्रेषितांची शिकवण म्हणून. पहिल्या-दुसऱ्या शतकातली. तिचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलला 1873 साली सापडलं आणि 1883 साली छापलं गेलं. फिरत्या संदेष्ट्यांचा सुळसुळाट तेव्हाही असणार, कारण तिच्यात नियम दिलेत. पाहुणा प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज काही घेणार नाही, पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘ताट मांडा’ म्हणाला आणि स्वतःच त्यातलं जेवला तर खोटा. पण दुसऱ्या गरजू माणसांसाठी मागितलं तर त्याला नावं ठेवू नका. हे नियम कुण्या प्रोफेसरानं केलेले दिसत नाहीत. घरातलं पीठ संपत आलेल्या बाईनं केलेले दिसतात.

तुम्ही म्हणाल, हे ख्रिस्त्यांचं ख्रिस्त्यांपाशी. मग विनयपिटकातली पिंडोल भारद्वाजाची गोष्ट घ्या. राजगृहाच्या सेठानं चंदनाचं भिक्षापात्र उंच बांबूवर टांगलं आणि म्हणाला, ऋद्धी असेल त्यानं काढून घ्यावं. पिंडोल हवेतून गेला आणि पात्र घेऊन आला. लोक आरडाओरडा करत मागं. बुद्धानं काय केलं? पाठ थोपटली नाही. पात्राचे तुकडे करायला लावले, चंदन अंजनात घालायला भिक्षूंना दिलं आणि गृहस्थांपुढं असे चमत्कार दाखवायला बंदी केली. पिंडोल उडाला की नाही ह्यावर आपण वाद घालतो. बुद्धानं तो वाद घातलाच नाही. कशासाठी उडालास, एका लाकडी वाडग्यासाठी?

आता सेमूर. त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो आपला माणूस आहे.

अन्य भाषा बोलणाऱ्या आजच्या बहुतेक पंथांची मुळं शोधत गेलं की विल्यम सेमूर हा काळा माणूस लागतो. जन्म 1870, अमेरिकेतलं लुईझियाना. आईबाप गुलामीतून सुटलेले. देवीनं एक डोळा गेलेला. 1906 च्या सुरुवातीला तो ह्यूस्टनला चार्ल्स पारहॅम नावाच्या गोऱ्या उपदेशकाच्या बायबल-वर्गाला गेला. टेक्ससमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे होते. सेमूरला वर्गात बसू देईनात. दार किलकिलं ठेवलं आणि त्याला बाहेर बसून ऐकायला सांगितलं. साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट ज्यांना माहीत आहे त्यांना ह्या दाराबद्दल मी आणखी काय सांगू?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेमूरनं लॉस एंजेलिसला, अझुसा स्ट्रीटवरच्या, तबेला म्हणून वापरलेल्या एका मोडक्या इमारतीत सभा सुरू केल्या. काळे, गोरे, मेक्सिकन एका जमिनीवर गुडघे टेकायला लागले. काळ्या बाईनं गोऱ्या पुरुषाच्या डोक्यावर हात ठेवावा, हे त्या देशात त्या काळात! ऑक्टोबरात पारहॅम बघायला आला आणि त्याला किळस आली. भाषा त्याचीच शिकवण होती, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. कोण कुणाशेजारी गुडघे टेकतो, ही तक्रार होती. सेमूरच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. पुढं गोरे आपापल्या वेगळ्या मंडळ्या काढून निघून गेले, भाषा घेऊन. आणि ज्या सेमूरनं भाषा ही आत्म्याची खूण म्हणून सांगायला सुरुवात केली होती तोच नंतर म्हणायला लागला की नुसती भाषा ही खूण नव्हे, माणसामाणसांत प्रीती दिसली पाहिजे. दाराबाहेर बसलेल्या माणसाला पारख आली ती अशी. तो 1922 साली वारला.

त्याच साली केडगावला पंडिता रमाबाई वारल्या. त्यांच्या मुक्ती मिशनात 1905 च्या जूनमध्ये, म्हणजे अझुसाच्याही आधी, असाच आत्म्याचा भर आला होता. दुष्काळातून वाचवलेल्या पोरी रडायच्या, थरथरायच्या, अंगाला आग लागली म्हणायच्या. पुढं काही भाषाही बोलल्या. बाहेरच्या कित्येक मिशनऱ्यांना तो आरडाओरडा रुचला नाही. रमाबाई पोरींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. स्वतः मात्र त्या भाषा बोलल्या नाहीत आणि बोलल्याचं नाटकही त्यांनी केलं नाही. हे मला फार मोठं वाटतं. मी सतराव्या वर्षी जे केलं नाही ते हे. त्या शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या होत्या. छापखान्याचं काम त्यांच्याच पोरींनी केलं. मृत्यूनंतर 1924 साली ते बाहेर आलं. दुभाषेपणाचं काम असंही करता येतं.

हे लिहिताना एक धास्ती आहे. 2013 साली, दाभोलकरांचा खून झाल्यावर, आपल्याकडं जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणं गुन्हा ठरलं. चांगलं झालं. 1984 ला तो असता तर पत्र्याच्या डब्याजवळ एखादा हवालदार तरी उभा राहिला असता. पण आज गरीब वस्तीतल्या प्रार्थनासभेत घुसून बाया-बापड्यांना मारणारेही आहेत, आणि त्यांना साहेब आणि बाई ह्यांत फरक करायचाच नसतो. साहेब मोटारीतून निघून जातात. सापडते ती बाई. माझा लेख त्यांच्या हातात पडू नये म्हणून मी गप्प बसावं का? बाई एकदा गप्प बसली होती.

आणखी एक. माझ्या आयुष्यात मी शेकडो भविष्यवाण्या ऐकल्या. घर मिळेल, परदेशी जाशील, शत्रू पायाखाली येतील. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवलं, शिखांना 1956 साली आणि बौद्धांना 1990 साली आत घेतलं, आम्ही अजून बाहेर. ह्यावर आत्म्यानं एकाही संदेष्ट्याला एक शब्द सुचवला नाही. जुन्या करारातला आमोस मेंढरं राखणारा होता, उंबराची फळं तोडायचा. मी संदेष्टाही नाही आणि संदेष्ट्याचा मुलगाही नाही, असं तो म्हणाला. त्याला सुचलं ते गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणाऱ्यांबद्दल.

आता अक्काच्या मुलाचं सांगतो. मांडीवरचं ते चार वर्षांचं पोर आता पंचेचाळिशीला आलंय. टेम्पो चालवतो. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि दर शुक्रवारी त्याच घरात प्रार्थनाही असते. लोक म्हणतात त्याच्या हाताला गुण आहे. मागच्या महिन्यात तो माझ्याकडं आला. म्हणाला, “मामा, एका मोठ्या सभेवाल्यांनी बोलावलंय. तुझ्यात दान आहे म्हणतात. मला कसं कळायचं, आहे का नाही?”

मी म्हणालो, “तुझ्याकडं आजारी माणूस आला की तू आधी काय करतोस?”

“आधी फाईल बघतो. गोळ्या चालू आहेत का विचारतो. नसल्या तर टेम्पोत घालून दवाखान्यात. प्रार्थना वाटेत.” थोडं थांबून म्हणाला, “आईचं आठवतं ना. चेहरा आठवत नाही. डब्यात गोळ्या पडल्या तो आवाज आठवतो. आणि मराठीत सांगणारा कुणीतरी होता, तो आवाज आठवतो. चांगला आवाज होता, मामा. कोण होता तो?”

घरात त्याला कुणी कधी सांगितलं नाही. बाई गेली, माझी आई गेली. आता सांगणारा मीच उरलोय. मी म्हणालो, चहा घे. तो चहा पिऊन गेला.

हा अंक निघाला की पहिली प्रत घेऊन मी त्याच्याकडं जाणार आहे. येत्या शुक्रवारी, प्रार्थनेच्या आधी.